सँत-शापेलच्या भिंती गेल्या कुठे?

पॅरिसला मी तिसऱ्यांदा गेले आणि तिसऱ्यांदाही पहिल्याच दिवशी सँत-शापेल गाठलं, कारण त्या शहरात मला सगळ्यात जास्त ओढ कशाची असेल तर ती या एका छोट्याशा चॅपेलची, म्हणजे राजवाड्यातल्या जुन्या प्रार्थनाघराची. यावेळी सोबत आत्या होती. वय ७१, गुडघे दुखतात, तरी तो अरुंद गोल दगडी जिना एकेक पायरी करत चढली आणि वरच्या दालनात पाऊल टाकल्यावर चांगली मिनिटभर काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "अगं, हिला भिंतीच नाहीत की!"

तेवढंच वाक्य धरून हा लेख लिहितेय. २०११ ला पहिल्यांदा गेले होते तेव्हा मीही असंच काहीतरी बोलले असणार, पण भिंती नाहीत तर मग एवढं उंच छत उभं कशावर आहे, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आलाच नाही, नुसते रंग बघत राहिले. मग घरी येऊन वाचत गेले, परत गेले, परत वाचलं, आणि आत्याला तिथल्या खुर्चीत बसवून जे जे सांगितलं ते इथे सगळ्यांसाठी लिहिते.

आधी माप सांगते म्हणजे डोळ्यासमोर येईल. वरचं दालन साधारण ३३ मीटर लांब, पावणेअकरा मीटर रुंद आणि साडेवीस मीटर उंच. म्हणजे रुंदी एखाद्या लग्नाच्या हॉलपेक्षाही कमी आणि उंची सहा-सात मजल्यांची. तीन बाजूंनी मिळून १५ खिडक्या, एकेक जवळजवळ १५ मीटर उंच, आणि त्यांच्यात बायबलमधली छोटी छोटी मिळून १,११३ चित्रं. चौथ्या बाजूला, म्हणजे प्रवेशाच्या वर, एक भलंमोठं गोल चक्र. खिडक्यांच्या मध्ये उभ्या राहतात त्या फक्त दगडी खांबांच्या बारीक जुड्या. बस्स, बाकी काच.

हे असं का बांधलं हे कळायचं तर आधी हे लक्षात घ्यायला लागतं की ही मुळात एक डबी आहे. आपण देवघरात चांदीच्या डबीत एखादी जपलेली गोष्ट ठेवतो ना, तशी डबी, फक्त माणसं आत जाऊ शकतील एवढी मोठी. फ्रान्सचा राजा लुई नववा अतिशय भाविक होता, १२१४ चा जन्म, बाराव्या वर्षी राज्याभिषेक, मेल्यावर १२९७ ला चर्चने त्याला संत ठरवलं. येशूला क्रूसावर चढवताना त्याच्या डोक्यावर काट्यांचा जो मुकुट ठेवला होता तो मुकुट म्हणून जो पुजला जायचा तो तेव्हा कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाकडे, बाल्डविन दुसरा याच्याकडे होता. पण सम्राट कंगाल झालेला, मुकुट चक्क व्हेनिसच्या सावकारांकडे गहाण पडलेला. लुईने १२३९ ला ते कर्ज फेडून मुकुट सोडवला. किंमत १,३५,००० लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन). आणि हे अख्खं चॅपेल बांधायला आला खर्च साधारण ४०,००० लिव्हर! डबीपेक्षा आतली वस्तू तिपटीहून महाग. हा आकडा मला पहिल्यांदा कळला तेव्हा ती इमारत मला उलगडायला लागली, कारण डबी बनवणारा माणूस भिंत किती जाड याचा विचार करत नाही, आतली वस्तू कशी झळकेल याचा करतो.

मुकुट पॅरिसमध्ये आणताना राजा आणि त्याचा धाकटा भाऊ रोबेर अनवाणी, साध्या वस्त्रात तो वाहून घेऊन आले. आषाढीला पायी जाणाऱ्यांच्या घरात वाढलेल्या आत्याला हे सांगितलं तेव्हा तिने नुसती मान हलवली, तिला त्यात वेगळं काही समजावायची गरजच नव्हती. २६ एप्रिल १२४८ ला चॅपेलचा पवित्रविधी झाला, म्हणजे मुकुट आल्यापासून दहा वर्षांच्या आत सगळं काम पुरं. शेजारचं नोत्र-दाम हे मोठं चर्च ११६३ ला सुरू झालं ते पुढे जवळजवळ दोनशे वर्षं चालूच होतं, त्यावरून इथे राजाने किती घाई आणि किती पैसा ओतला असेल ते बघा. त्याच वर्षी लुई धर्मयुद्धावर निघूनही गेला.

आता भिंतींचा प्रश्न.

दगडी छताची अडचण अशी की ते नुसतं खाली दाबत नाही, ते बाहेरही रेटतं. शिडी भिंतीला टेकवून बघा. शिडी खूप आडवी ठेवली की पाय सरकतो, कोणीतरी पाय धरून उभं राहायला लागतं, आणि शिडी जितकी उभी ठेवाल तितका तो सरकण्याचा जोर कमी. कमान म्हणजे अशा दोन शिड्या, एकमेकींना डोकं टेकवून उभ्या. जुन्या चर्चमधली अर्धगोल कमान म्हणजे जरा जास्त आडव्या झालेल्या शिड्या, म्हणून तिचे पाय धरायला जाडजूड भिंती लागायच्या आणि जाड भिंतीत खिडकी पाडायची म्हणजे जीव मुठीत, म्हणून ती चर्च आतून अंधारी. पुढच्या, म्हणजे गॉथिक शैलीत बांधणाऱ्यांनी कमान वर टोकदार केली, म्हणजे शिड्या उभ्या केल्या. रेटा कमी झाला. मग छताला छत्रीसारख्या काड्या दिल्या, दगडी काड्या, म्हणजे छताचं ओझं सगळ्या भिंतीवर न पसरता त्या काड्यांमधून ठरावीक जागीच खाली उतरायला लागलं. आता जिथे ओझं उतरतच नाही तिथे भिंत हवीच कशाला? काढून टाका, काच लावा. हे तंत्र सँत-शापेलच्या आधी शंभर वर्षं, पॅरिसच्या उत्तरेला सँ-दनीच्या चर्चमध्ये ११४० च्या सुमाराला पहिल्यांदा असं एकत्र जमून आलं आणि मग पसरत गेलं.

पण रेटा कमी झाला म्हणजे संपला असं नाही ना, शिडीचा पाय धरायला कोणीतरी लागतंच. नोत्र-दामला तो बाहेरून धरला जातो, ते उडत्या कमानींसारखे टेकू फोटोत सगळ्यांनी बघितलेत. सँत-शापेलला ते टेकू नाहीत. इथे खांबांच्या मागे, बाहेरच्या बाजूला, दगडाचे जाड पुस्ते उभे आहेत, भिंतीला काटकोनात, खोलवर बाहेर गेलेले. गंमत अशी की आत उभ्या असलेल्या माणसाला ते दिसतच नाहीत, त्याला दिसते फक्त खांबांची पुढची बारीक कड. जाड पुस्तक कपाटात उभं ठेवलं की आपल्याला पाठीची दोन बोटंच दिसतात, मागे ते किती रुंद आहे ते कळत नाही, अगदी तसं. म्हणजे आत्याच्या वाक्याचं उत्तर हे की भिंती आहेत, त्या फक्त नव्वद अंशात वळवून बाहेर उभ्या केल्यात.

आणि एक गोष्ट अजून, जी मला सगळ्यात आवडते. तेवढ्याने भागत नाही म्हणून बांधणाऱ्यांनी दगडाच्या आत लोखंड घातलंय. लोखंडी सळया एकीला एक अडकवून केलेल्या साखळ्या अख्ख्या दालनाभोवती फिरवल्यात, दगडातून जातात, मग खिडकी आली की काचेच्या आडव्या पट्टीचं रूप घेऊन खिडकीतून जातात, मग परत दगडात. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोहार लोखंडाची धाव चढवतो, ती धाव चाकाचे सगळे तुकडे आवळून धरते, तेच काम ही साखळी करते. खिडकीतल्या त्या काळ्या आडव्या रेघा तुम्ही बघता आणि तुम्हाला वाटतं काच धरायच्या पट्ट्या आहेत, त्या काच तर धरतातच पण त्यांच्यातल्या काही अख्खी इमारत धरून आहेत. १२४० च्या दशकात! सिमेंटमध्ये लोखंड घालायची पद्धत यायला अजून सहाशे वर्षं होती.

आता काच, आणि इथे जरा रेंगाळते, कारण बहुतेकांचा एक गैरसमज असतो आणि माझाही होता, की साध्या काचेवर रंग लावलेत. नाही. रंग काचेच्या अंगातच आहे. वाळू आणि लाकडाची राख, बहुतेक बीच नावाच्या झाडाची, भट्टीत वितळवायची, आणि त्या रसात धातू मिसळायचा. कोबाल्ट घातलं की निळी, तांब्याने लाल, मँगनीजने जांभळट, लोखंड आणि तांब्याच्या वेगवेगळ्या प्रमाणाने हिरव्या छटा. लाल काच सगळ्यात नाठाळ, कारण तांब्याचा लाल इतका गडद की पूर्ण जाडीत घातला तर काच काळीच दिसेल, म्हणून पारदर्शक काचेत लाल रंगाचा पातळसा पापुद्राच द्यायचा, मिठाईवर वर्ख देतात तसा. मग तप्त लोखंडाने काच तडकवून आकार काढायचा, चिमट्यासारख्या हत्याराने कड कुरतडत नीट करायची (तेव्हा हिऱ्याची लेखणी नव्हती), आणि असे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे. शिसं का, तर ते मऊ, हाताने वळतं. पट्टीला दोन्ही बाजूंनी खाचा, एका खाचेत एक काच, दुसरीत दुसरी.

मग चेहरे, हात, कपड्यांच्या चुण्या? ते मात्र रंगवलेले आहेत, पण एकाच काळसर-तपकिरी रंगाने. काचेची पूड आणि लोखंडाची किंवा तांब्याची भस्मं, त्यात व्हिनेगरसारखं काहीतरी पातळ घालून कुंचल्याने रेघा ओढायच्या आणि काच परत भट्टीत भाजायची म्हणजे रेघ काचेला कायमची चिकटते. यावेळी मी छोटी दुर्बीण नेली होती, ती नसेल तर अर्धं सँत-शापेल तुम्ही बघितलंच नाही असं माझं मत आहे. दुर्बिणीतून एक चेहरा पकडला, तळहाताएवढा असेल. भुवईपासून नाकापर्यंत एकच रेघ, न उचलता ओढलेली, वरून जाड आणि खाली येताना बारीक. डोळ्याची बाहुली कोपऱ्यात सरकवलेली, त्यामुळे तो माणूस शेजारच्याकडे तिरका बघतोय. शिशाची पट्टी हनुवटीखालून वळसा घालून गेलीये, चेहऱ्यावरून नाही. पावणेआठशे वर्षांपूर्वी कुणीतरी कुंचला एका श्वासात फिरवला आणि तो हात मला दिसत होता. आत्याने दुर्बीण घेतली ती पुढची वीस मिनिटं परत दिलीच नाही.

लांबून सगळं दालन जांभळट का दिसतं तेही सांगते. खिडक्यांत मुख्य रंग दोनच, निळा आणि लाल, आणि तुकडे इतके लहान की लांबून डोळा त्यांना वेगळं करू शकत नाही, दोन्हींचा उजेड मिसळतो आणि जांभळी झाक येते. जवळ गेलात की ती विरते, निळा निळा राहतो आणि लाल लाल. हवामानानेही फरक पडतो. माझी २०११ ची भेट रणरणत्या उन्हात होती, तेव्हा लाल पेटलेला होता. २०१६ ला डिसेंबरमध्ये गेले, आभाळ भरलेलं, मला वाटलं वाया गेला दिवस, पण आत शिरले तर निळा असा काही वर आलेला की लाल त्याच्यामागे विझत चाललेला निखारा वाटत होता. कमी उजेडात आपल्या डोळ्याला निळा रंग लालपेक्षा जास्त चांगला दिसतो, संध्याकाळी बागेतली लाल फुलं आधी काळी पडतात ते त्यामुळेच. तेव्हा पाऊस असला तर तिकीट वाया गेलं म्हणून हळहळू नका.

वाचायचं कसं? प्रवेशाकडे पाठ करून उभे राहा, डावीकडची तुमच्या सगळ्यात जवळची खिडकी म्हणजे उत्पत्ती, बायबलचं पहिलं पुस्तक. बहुतेक खिडक्या खालून वर आणि डावीकडून उजवीकडे वाचायच्या. मग निर्गम, गणना, शास्ते असं पुढे सरकत जायचं, समोर मधोमध येशूच्या दुःखसहनाची खिडकी, बरोबर जिथे मुकुटाची पेटी उंचावर ठेवलेली असायची तिच्या मागे, आणि मग उजव्या हाताने परत दाराकडे यायचं. खरं सांगू का, १,११३ चित्रं कोणाच्याने एका भेटीत होत नाहीत, एक खिडकी निवडा. मी बायबलमधल्या एस्तेर राणीची निवडते. तिच्यात आणि बाकी खिडक्यांतही पार्श्वभूमीला सोनेरी किल्ले आणि कमळासारखी लिलीची फुलं विखुरलेली दिसतील. लिली हे फ्रान्सच्या राजाचं चिन्ह, किल्ला हे स्पेनमधल्या कास्तीय राज्याचं, आणि लुईची आई ब्लांश कास्तीयची राजकन्या. मुलगा लहान असताना राज्य तिनेच चालवलं. म्हणजे बायबलच्या गोष्टींच्या मागे राजाने आईचं माहेर कोरून ठेवलंय.

शेवटची, पंधरावी खिडकी उजवीकडे दाराजवळ, आणि तिच्यात गोष्ट बायबलची नाहीच, ती मुकुट आणि बाकीचे अवशेष पॅरिसला कसे आले त्याची. जगाच्या उत्पत्तीपासून सुरू झालेली कथा लुईच्या दारात येऊन थांबते. राजा त्यातून सांगतोय की देवाने निवडलेल्या राजांच्या रांगेत आता आम्ही. श्रद्धा आणि राजकारण इथे इतकं एकजीव झालंय की मला ते सोडवता येत नाही, आणि मला नाही वाटत लुईलाही यायचं.

हे सगळं जसंच्या तसं आपल्यापर्यंत आलेलं नाही. राज्यक्रांतीत मुकुटाची सोन्याचांदीची पेटी वितळवली. मुकुट वाचला, पुढे नोत्र-दाममध्ये गेला, १५ एप्रिल २०१९ च्या आगीतून त्याला बाहेर काढलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो परत नोत्र-दामला आला. चॅपेलचं मात्र १८०३ ला कोर्टाच्या कागदपत्रांचं गोदाम केलं. फायलींच्या कपाटांसाठी आणि उजेडासाठी खिडक्यांच्या खालच्या साधारण दोन मीटर काचा काढून टाकल्या, त्यातल्या काही विकल्याही गेल्या, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्यातले तुकडे आज बघायला मिळतात. मला हे वाचताना अजूनही पोटात तुटतं. पुढे १९व्या शतकाच्या मध्यात द्युबां, लास्यू, व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारद मंडळींनी मोठा जीर्णोद्धार केला, गेलेल्या काचा जुन्या पद्धतीने नव्या करून बसवल्या, आणि ते इतकं बेमालूम जमलं की नुसत्या नजरेने जुनं-नवं ओळखणं कठीण. एकूण काचेपैकी साधारण दोन तृतीयांश मूळची आहे.

राखेच्या काचेला एक रोग असतो. राखेतून आलेलं पोटॅशियम ओलाव्याने हळूहळू बाहेर झिरपतं, काचेला बाहेरून खड्डे पडतात, त्यावर तपकिरी खपली धरते. त्यात पॅरिसचा धूर, आणि आतून आपल्यासारख्या हजारोंच्या श्वासाची वाफ. २००८ ते २०१५ मध्ये हे साफ करायचं काम झालं, मी २०११ ला गेले तेव्हा काही खिडक्यांपुढे परांची होती. लेझरने मळ उडवला, आणि खिडक्यांना बाहेरून दुसरी काच लावली, मूळ काचेच्या उंचवट्यांप्रमाणे तापवून आकार दिलेली, म्हणजे पाऊस आणि थंडी तिच्यावर आदळते आणि आतली जुनी काच कोरडी राहते. (जुनी काच शतकानुशतकं खाली ओघळते म्हणून तळाशी जाड असते, असं गाईडसुद्धा सांगतात, ते खरं नाही हं. हाताने बनवलेली काच सगळीकडे सारखी जाड होतच नसे, एवढंच.)

मग आत्या वळली आणि दारावरचं गोल चक्र बघून म्हणाली, "हे असं मी बघितलंय." मला वाटलं पुस्तकात. नाही, मुंबई विद्यापीठाच्या दीक्षांत सभागृहात, पदवी घेताना! तिथल्या गोल खिडकीत बारा राशी आहेत, इथल्या चक्रात प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला जगाचा शेवट. इथलं चक्र १५व्या शतकाच्या अखेरचं, म्हणजे खिडक्यांपेक्षा सव्वादोनशे-अडीचशे वर्षांनी लहान, म्हणून त्याच्या दगडी पाकळ्या ज्वाळांसारख्या वळवळणाऱ्या आणि त्यात पिवळा-हिरवा जास्त. चांदीच्या क्षारांनी काच पिवळी करायची युक्ती १३०० च्या आसपास सापडली, लुईच्या कारागिरांकडे ती नव्हतीच. आणि आत्याचं सभागृह? ते १८७४ चं, जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाने भारतात पाऊलही न ठेवता आखलेलं. तेव्हा सगळ्या युरोपात जुन्या गॉथिक इमारतींची डागडुजी आणि नव्या गॉथिक इमारतींची हौस एकदमच आली होती, त्या लाटेतूनच फोर्टमधला राजाबाई टॉवर आला, बोरीबंदर आलं. तेव्हा पॅरिसला जाणं होत नसेल तर टोकदार कमान आणि दगडी काड्या बघायला फोर्टमध्ये एक सकाळ पुरते.

जाणाऱ्यांसाठी थोडं. चॅपेल न्यायालयाच्या आवारात आहे, विमानतळासारखी तपासणी होते, पर्समध्ये कात्री-चाकू नको. तिकीट आधी काढा. खालचा मजला बघून निराश होऊ नका, ते बुटकं, निळ्या-सोनेरी छताचं दालन राजवाड्यातल्या नोकरचाकरांसाठी होतं, वरचं राजाचं. समोरच्या खिडक्यांना सकाळचं ऊन, उजवीकडच्यांना दुपारचं, गोल चक्राला संध्याकाळचं. भिंतीलगत बसायला जागा मिळाली तर सोडू नका.

दोन तास झाल्यावर आम्ही उतरून अंगणात आलो. बाहेरून खिडक्या काळ्याठिक्कर दिसतात, शिशाची जाळी आणि धुळकट काच, आत काय आहे याचा पत्ता लागत नाही, कारण उजेड आपल्या बाजूने आत चाललेला असतो. आत्याने मान वर केली आणि पुस्त्यांकडे बोट दाखवून म्हणाली, "या बघ तुझ्या भिंती, वळवून ठेवलेल्या." आणि काठी टेकत टेकत एका टोकापासून त्या मोजायला लागली.